'त्रासाला कंटाळून'

जिल्ह्याच्या पानावर काही वाक्यं कायमची जुळवून ठेवलेली असतात. बातमीदारानं फक्त गावाचं नाव, वय आणि तारीख भरायची. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य कुठलं, तर 'सासरच्या त्रासाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या'. पारनेर असो, राहुरी असो, शेवगाव असो की कर्जत, वाक्य तेच. आपण चहाचा घोट घेता घेता ते वाचतो आणि पुढच्या बातमीकडे, म्हणजे बहुधा कांद्याच्या भावाकडे, वळतो.

माझं भांडण या वाक्याशी आहे. नीट बघा. 'कंटाळून' म्हणे. आपल्याला कंटाळा कशाचा येतो? रोज पोहे खाण्याचा, बसस्टँडवर ताटकळण्याचा, लांबलेल्या भाषणाचा. आणि 'त्रास' म्हणजे काय? डासांचा त्रास, पित्ताचा त्रास, 'जरा त्रास देतो, पाणी मिळेल का?' मधला त्रास. म्हणजे वाक्याचा सरळ अर्थ असा झाला, की एका बाईची थोडी गैरसोय होत होती, तिला त्याचा वीट आला, आणि तिनं विहीर जवळ केली. दोन शब्दांत आपण एक मरण स्वभावदोषात बसवून टाकलं. कंटाळणारी तीच, त्रास करून घेणारीही तीच. दुसरा कुणी त्या वाक्यात आहेच कुठे? 'सासर' आहे, पण ते माणूस नाही, पत्ता आहे.

आता थोडं शब्दांच्या कुळाकडे जाऊ, कारण गंमत (गंमत कसली म्हणा) तिथेच आहे.

'त्रास' हा संस्कृतातल्या 'त्रस्' धातूपासून आलेला शब्द. या धातूचा मूळ अर्थ घाबरून थरथरणं, बिचकणं. त्रस्त हरीण म्हणजे महागाईनं गांजलेलं हरीण नव्हे; चाहूल लागताच अंगभर शहारून उभं राहिलेलं हरीण. जैन तत्त्वज्ञानात जीवांचे दोन वर्ग सांगितलेत, स्थावर आणि त्रस. आचार्य आनंदऋषीजींच्या या नगरात हे शब्द प्रवचनाला जाणाऱ्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. जे हलू शकत नाहीत ते स्थावर. आणि भय वाटलं की जे हलतात, जागा सोडून पळू शकतात, ते त्रस. जुन्या परंपरेत या शब्दाचा उलगडा असाच करतात. किती नेमकं नाव आहे! जिवंत असणं ओळखायचं कशावरून, तर भ्यायल्यावर तो थरथरतो आणि दूर होतो यावरून.

हाच धातू पश्चिमेकडेही गेला. म्हणजे आपल्याकडून गेला असं नव्हे (हा अभिमान बाजूला ठेवू), एकाच मूळ भाषाकुळातून दोन्हीकडे उतरला. फारसीत भीतीला 'तर्स' म्हणतात, तो याचाच भाऊ. लॅटिनमध्ये 'तेर्रेरे' म्हणजे घाबरवणं. त्यावरून फ्रेंचमधून इंग्रजीत साधारण १४०० च्या सुमारास आलेला शब्द म्हणजे 'टेरर'. होय, आपला 'त्रास' आणि साहेबाचा 'टेरर' ही सख्ख्या घराण्यातली भावंडं आहेत. दोघांच्याही तळाशी एक थरथरणारं शरीर आहे.

मग दोघांचं पुढे काय झालं?

'टेरर'चं असं झालं. आधी तो शब्द घाबरलेल्या माणसाच्या अवस्थेचा होता. मला टेरर वाटतो, माझ्या अंगात टेरर आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३-९४ मध्ये तो सरकारी धोरणाचं नाव झाला. गिलोटिनचं राज्य चाललं होतं आणि रोब्सपिएरसारखी माणसं टेररला न्यायाचंच एक रूप म्हणून मिरवत होती. रोब्सपिएर पडल्यावर त्याच्या माणसांना 'टेररिस्ट' म्हणू लागले. १७९५ पर्यंत हा शब्द इंग्रजीतही आला. म्हणजे 'टेररिस्ट' हा शब्द जन्मला तो सत्तेवर बसलेल्यांसाठी. पुढे शंभर-दीडशे वर्षांत तो उलटा फिरला आणि सत्तेविरुद्ध उठणाऱ्यांना चिकटला. इंग्रज सरकारनं १९३२ साली बंगालात एक कायदाच केला, त्याच्या नावातच 'टेररिस्ट' होतं. आपण ज्यांना क्रांतिकारक म्हणून फोटोला हार घालतो, त्यांच्यासाठी होता तो.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट हळूच निसटली. शब्द थरथरणाऱ्याचा होता, तो थरथरवणाऱ्याचा झाला. कधी राजा, कधी बंडखोर, पण चर्चा नेहमी भीती घालणारा कोण याची. जो भ्याला, त्याचं काय झालं, हे विचारायला 'टेरर'जवळ आता वेळ नाही. आणि याच घराण्यातल्या 'टेरिफिक'नं तर कमालच केली. सतराव्या शतकात त्याचा अर्थ 'भयप्रद' होता, एकोणिसावं शतक संपता संपता तो 'झकास' झाला. आपल्याकडची पोरं 'लई खतरनाक शॉट मारला' म्हणतात, तोच प्रकार.

आणि 'त्रास'? तो उलट्या दिशेनं घरंगळला. टेरर फुगत फुगत जागतिक झाला, त्रास आकसत आकसत घरगुती झाला. थरथर गेली, उरली ती कटकट. 'वाहतूक कोंडीने नागरिक त्रस्त', 'भटक्या कुत्र्यांचा त्रास', 'रस्त्याचे काम चालू आहे, त्रासाबद्दल क्षमस्व'.

आता कुणी म्हणेल, मग त्यात काय झालं? शब्दांचे अर्थ बदलतातच. 'त्रास'चा अर्थ हजार वर्षांपूर्वी काय होता यावरून आज त्याला कोर्टात खेचणं म्हणजे पणजोबाच्या कर्जासाठी पणतवाच्या दारात बसणं झालं. हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि मला तो मान्य आहे. मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचं तर 'दहशत' शब्दही परत करावा लागेल. अरबीत त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ आश्चर्यानं थक्क होणं असा आहे, फारसी-उर्दूच्या वाटेनं येता येता तो भीतीचा झाला. शब्द असेच चालतात, चालू द्यावेत.

माझी तक्रार वेगळी आहे. डासांच्या त्रासाला खुशाल त्रास म्हणा. पण त्याच शब्दात रोज मार खाणाऱ्या बाईची भीती कोंबू नका. शब्द पातळ झालाय हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तो पातळ झालाय *म्हणूनच* तो तिथे वापरला जातो. कुणाला बोचत नाही. पाव्हण्यांना बोचत नाही, पुढाऱ्याला बोचत नाही, छापणाऱ्यालाही बोचत नाही. मूळ अर्थ मी एवढ्याचसाठी सांगितला, की या शब्दात एकेकाळी कोण उभं होतं ते दिसावं.

आणि मराठीत शब्द नाहीत म्हणावं, तर तेही नाही. या बाबतीत आपली भाषा चांगलीच श्रीमंत आहे. अंगाला कापरं सुटतं, पाय लटपटतात, दातखीळ बसते, बोबडी वळते, पोटात गोळा येतो, पाचावर धारण बसते, घशाला कोरड पडते. सगळं शरीरातलं. नगरकडच्या खेड्यातली बाई आईजवळ बोलते तेव्हा ती 'मला मानसिक त्रास होतो' असं म्हणत नाही. ती म्हणते, 'त्यांच्या फटफटीचा आवाज आला ना आई, का माझं अंग लटलटा कापतं.' यात वेळ आहे, कारण आहे, माणूस आहे आणि साक्षात पुरावा आहे. मग ती बोलते ते कागदावर उतरतं. कागद म्हणतो, 'शारीरिक व मानसिक त्रास देऊन जाचहाट केला'. फटफटी गेली, कापरं गेलं, तोही गेला. मग कागदावरून ते पेपरात जातं आणि तिथे 'त्रासाला कंटाळून' होतं. तीन पायऱ्यांत एक थरथरणारी बाई एका कंटाळलेल्या बाईत रूपांतरित होते. अशी सफाई सर्फ एक्सेललाही जमणार नाही.

कायद्याची भाषा यापेक्षा बरी आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. भारतीय दंड संहितेत १९८३ साली ४९८-अ हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ नी घेतलीये. त्यात शब्द आहे 'क्रूरता'. आणि कुणाची क्रूरता, तर नवऱ्याची किंवा त्याच्या नातेवाइकाची. बाईला आत्महत्येकडे ढकलेल अशी वागणूक, असं तिथे सरळ म्हटलंय. म्हणजे रुक्ष, कोरडा म्हणून ज्याची आपण टिंगल करतो तो कायदा करणाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि माणुसकीचा मक्ता घेतलेली आपली मायबोली बोट खिशात घालून बसते.

आता दुसरं टोक बघा. तिथे 'थरार' बसलाय.

'भरचौकात थरार', 'पाठलागाचा थरार', 'मध्यरात्रीचा थरार'. थरथर, थरकाप, थरार ही सगळी आवाजावरून झालेली भावंडं. थरकाप अजून इमानदार आहे. तो ज्याच्या अंगात होतो त्याचाच असतो. थरार मात्र विकला गेलाय. त्याला इंग्रजी 'थ्रिल'चं काम दिलंय. आणि 'थ्रिल'ची गोष्ट अशी, की त्याचा मूळ अर्थ भोक पाडणं, आरपार जाणं. नाकपुडीला इंग्रजीत 'नॉस्ट्रिल' म्हणतात, त्यातलं शेवटचं अक्षर हेच, नाकाचं भोक. भाला अंगातून आरपार जाणं म्हणजे थ्रिल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शेक्सपियरच्या काळात, भावना आरपार जाऊन अंग शहारणं असा अर्थ आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'थ्रिलर' आला आणि तेव्हापासून अंगावर काटा तिकीट काढून मिळू लागला. भाला ज्याला लागला तो बाजूला राहिला, शहारा बघणाऱ्याचा झाला.

सिनेमात ठीक आहे. पण रस्त्यात एका माणसावर कोयत्यानं वार झाले, त्या बातमीला 'थरार' हे नाव देताना थरार नेमका कुणाचा? जो पडला त्याचा? त्याच्या बायकोचा? नाही. तो वाचकाचा. आपण पाच रुपयांत घरबसल्या शहारलो त्याचं ते नाव. बाई घरात रोज कापते त्याला 'त्रास', आणि परक्याच्या रक्तानं आपल्याला गुदगुल्या होतात त्याला 'थरार'. भाषेत असा भाव कुणी ठरवला?

मधे 'दहशत' आहे, ती बिबट्याला दिलीये. 'परिसरात बिबट्याची दहशत'. ऊस वाढला, बिबट्या उसात आला, तिथेच व्याला. अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यात माणसं आणि लहान मुलंही गेली आहेत, त्या भीतीला मी हलकं लेखत नाही. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्यानं घाबरू नये तर काय करावं? पण याच जिल्ह्यात अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे, आणि त्याच जागेत चौरस किलोमीटरला साडेतीनशेवर माणसं. तरी दोघंही नांदत होते, बहुतेकदा एकमेकांना न दिसता. बिबट्याला दहशत बसवायची नसते, त्याला कुत्रं खायचं असतं. दहशत बसवणं हा हेतू असतो आणि हेतू फक्त माणसाला असतो. वाळूवाल्याची दहशत, सावकाराची दहशत, गावातल्या वजनदार घराची दहशत ही खरी दहशत. पण तिथे हा शब्द लिहायला हात कापतो. जनावर अब्रुनुकसानीची नोटीस पाठवत नाही, हा त्याचा मोठा गुण!

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते.

एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातलं खर्डा. सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. महाराष्ट्रभर मोर्चे निघाले. खटला चालला, साक्षीदार एकामागून एक 'फितूर' झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. कोर्ट पुराव्यावर चालतं, त्याबद्दल मी इथे बोलत नाही. मी 'फितूर' या शब्दाबद्दल बोलतोय. फितूर म्हणजे किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा. त्यात लोभ आहे, कपट आहे. गावात राहणाऱ्या, गावातच रोजगार शोधणाऱ्या, संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जाणाऱ्या साक्षीदाराला आपण हा एकच शब्द देतो. तो पैशानं फुटला असेल, नात्यानं फुटला असेल, किंवा पिंजऱ्यात उभं राहताना त्याला कापरं सुटलं असेल. शब्द तिन्ही दारं एकदम बंद करतो. फितूर म्हटलं की कुणी कुणाला घाबरवलं हा प्रश्नच पडत नाही.

जुन्या स्पार्टात हेच करत. लढाईतून जो माघारी फिरला त्याला 'थरथरणारा' म्हणायचे. तो ग्रीक शब्द आपल्या 'त्रस्'चाच भाऊबंद. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये थर्मोपिलीहून जिवंत परतलेल्या अरिस्टोडेमसला हे नाव चिकटलं. डोळ्यांच्या आजारामुळे त्याला मागे ठेवलं होतं, तरीही. कुणी त्याला विस्तव देईना, कुणी बोलेना. भीती घालणारा राहिला बाजूला, भ्यालेला हाच आरोपी. अडीच हजार वर्षं झाली, आपण अजून स्पार्टातच आहोत.

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य करून ती देशभर लागू केली. म्हणजे साक्षीदार घाबरतो आणि त्याला घाबरवलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाला मान्य आहे. फक्त आपल्या बातम्यांच्या मराठीला ते मान्य नाही.

आणि ही भूमी कुठली, तर नेवाशाची. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी याच जिल्ह्यात प्रवरेकाठी गीता मराठीत सांगितली. गीता सुरू कशी होते? एका थरथरणाऱ्या माणसापासून. तोंडाला कोरड, अंगाला कंप, अंगावर काटा, हातातून गळणारं धनुष्य. पहिल्याच अध्यायात अर्जुन हे सगळं एकेक करून सांगतो. व्यासांनी 'अर्जुन मानसिक त्रासाला कंटाळून रथात बसला' असं लिहून अध्याय मिटवला नाही. श्रीकृष्ण त्याला आधी फटकारतो हे खरं, पण त्याचं पूर्ण ऐकून घेतो, आणि मग सतरा अध्याय त्याच्याशी बोलतो. थरथरणाऱ्याचं थरथरणं नोंदवलं, त्याचं कारण विचारलं, त्याला उत्तर दिलं. कंप हा तर आपल्याकडे अष्टसात्त्विक भावांतला एक मानला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

सात-सव्वासात शतकांनी त्याच जिल्ह्यात, त्याच भाषेत, कापणाऱ्या बाईला आपण कंटाळलेली म्हणतो आणि कापणाऱ्या साक्षीदाराला फितूर.

यावर 'मग लिहायचं तरी काय? मथळ्यात जागा किती असते?' असं विचारणारे भेटतात. जागेचं म्हणाल तर अक्षरं मोजून बघा. 'सासरच्या त्रासाला कंटाळून' यापेक्षा 'पैशासाठी नवऱ्याची मारहाण' हे काही फार लांब नाही. गुन्हा शाबीत व्हायचाय म्हणाल, तर 'आरोप' हा तीन अक्षरी शब्द मराठीत आहेच. पुढाऱ्याच्या बातमीत तो तुम्ही न चुकता घालता. 'साक्षीदार फितूर' ऐवजी 'साक्षीदारानं जबाब फिरवला' लिहा, आणि त्याला संरक्षण मागितलं होतं का, मिळालं होतं का, हे खाली एका ओळीत लिहा. 'थरार' सिनेमाच्या पानावर ठेवा. बिबट्याला बिबट्या म्हणा.

यानं मरणं थांबतील का? एका शब्दानं काही थांबत नाही, एवढा भाबडा मी नाही. पण ज्या भीतीला नाव नाही तिची तक्रार होत नाही, आणि जिची तक्रार 'किरकोळ त्रास' म्हणून लिहिली जाते तिच्याकडे कुणी धावून जात नाही. शेजारच्या घरात 'थोडा त्रास आहे' हे आपण ऐकतो आणि 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणून दार लावून घेतो. तेच 'शेजारची पोर नवऱ्याच्या चाहुलीनं कापते' असं कुणी म्हणालं, तर दार लावणं जरा अवघड जातं. एवढा फरक शब्द करू शकतो. आणि एवढाच फरक नको असतो, म्हणून ते शब्द वापरले जात नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा उद्या सकाळी पेपर उघडाल, तेव्हा जिल्ह्याचं पान जरा हळू वाचा. 'त्रास' दिसला की विचारा, कोण कुणाला, कशानं? 'कंटाळून' दिसला की तिथे 'घाबरून' घालून वाक्य परत वाचा. बातमी तीच, पण वाक्यात लगेच दुसरा माणूस येऊन उभा राहील. तो तिथे होताच.